मरळ कुणी तपासायची?

बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबादहून समुद्र लांब आहे. पश्चिमेला कोकणचा किनारा गाठायचा की पूर्वेला आंध्रचा, दोन्हीकडे रात्रभराचा प्रवास. तरी इथल्या बाजारात सुकट आणि बोंबील मिळतात, आंध्रातला राहू-कटला बर्फाच्या पेट्यांतून येतो, आणि कारंजा धरणाचा, गावतळ्यांचा मासा तर घरचाच. गावात मांसमच्छी न शिवणारी घरं पुष्कळ आहेत. कोळी, भोई, दलित, मुसलमान वस्त्यांत मात्र मासा हे परवडणारं, अंगी लागणारं अन्न आहे.

याच गावाला औद्योगिक वसाहत आहे. तिथे औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. माणिकनगर, गडवंती भागातले लोक वासाबद्दल आणि बोअरच्या पाण्याबद्दल तक्रारी करत आले आहेत. त्यामुळे ‘तळ्यातला मासा खावा का?’ हा प्रश्न इथे पुस्तकी राहिलेला नाही. त्याची दोन उत्तरं ऐकू येतात, आणि दोन्ही देणारी माणसं आपलीच असतात.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. मामा हिवताप विभागातून निवृत्त झालेले. भाची पुण्यात रसायनशास्त्र शिकवते आणि सुट्टीला हुमनाबादला येते. शब्द माझे आहेत, बाजू मात्र खऱ्या आहेत. मधे मधे मीही बोलणार आहे, कारण या विषयात मला तटस्थ राहता येत नाही.

मामा: तू येणार म्हणून मरळ सांगून ठेवली होती. आता म्हणतेस नको. कामून?

भाची: नको नाही म्हटलं, मामा. कुठल्या तळ्यातली, एवढंच विचारलं.

मामा: असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मासा डोळ्याने बघायचा, कल्ले लाल आहेत का पाहायचं, बोटाने दाबायचं. तुझी आजीही असाच घ्यायची.

भाची: त्याने मासा ताजा आहे की नाही ते कळतं. मला जे कळायला हवं ते कल्ल्यांत दिसत नाही. त्याला वास नाही, चव नाही. शिजवलं तरी ते जात नाही.

मामा: रसायन! तुम्हा लोकांना त्याशिवाय दुसरं सुचत नाही. अगं, रसायनाने काय केलं ते मी बघितलंय. १९५३ मध्ये देशात हिवतापाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना ताप यायचा आणि आठ लाख मरायचे, असा सरकारचा अंदाज होता. भिंतींवर डीडीटी मारली आणि साठीच्या दशकाच्या मध्याला रुग्ण लाखावर आले. मग ढिलाई झाली. १९७६ मध्ये आकडा पुन्हा चौसष्ट लाखांच्या वर गेला, आणि त्या लाटेत आमची भरती झाली. पन्नास टक्के पावडर पाण्यात कालवायची, पंप मारायचा, गोठ्यापासून देवघरापर्यंत भिंती पांढऱ्या करायच्या. बायका म्हणायच्या, चूल सोडून मारा. ज्या घरात तीन-तीन माणसं गोधडीखाली कुडकुडत असायची, तिथे पुढच्या वर्षी पोरं खेळताना बघितलीत. आणि तू मला डीडीटीचे दुर्गुण सांगणार?

भाची: नाही सांगणार. तुम्ही केलंत ते पुण्याचं काम होतं, आणि ते मी वर्गातही सांगते. डीडीटी भिंतीवर होती तोवर तिने माणसं वाचवली. पण ती भिंतीवरच राहिली नाही, शेतातही गेली. शेतीसाठी तिच्यावर बंदी यायला १९८९ साल उजाडलं. तोपर्यंत आणि त्यानंतरही तूर-ज्वारीवर, धान्याच्या कणगीत, मुंग्यांच्या वारुळात बीएचसी पावडर होतीच. ती १९९७ मध्ये बंद झाली.

मामा: बीएचसी तर आम्ही गोणीने आणायचो. बंद होऊन किती वर्षं झाली! पाऊस काय थोडे झाले?

भाची: तीच तर यांची खोड आहे. पावसाने ती वाहून जातात, पण संपत नाहीत. पाण्यात विरघळायला ती तयार नसतात, चरबीत मात्र लगेच शिरतात. आपल्या काळ्या मातीच्या कणांना चिकटतात. पाऊस ती माती तळ्यात आणून टाकतो आणि गाळ होऊन ती खाली बसते. गाळातले किडे ती खातात, किडे लहान मासा खातो, लहान मासा मरळ खाते. प्रत्येकाच्या अंगातलं पाणी बदलत राहतं, अन्नाची राख होते, हे रसायन मात्र चरबीत साठून राहतं. म्हणून वरच्या पायरीवरच्या जिवात ते खालच्यापेक्षा किती तरी पट दाट असतं.

मामा: किती पट? आकडा सांग. ‘किती तरी’ असं आमच्या साहेबाला लिहून दिलं असतं तर त्याने कागद परत केला असता.

भाची: कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचं तळं आहे. चिलटं फार झाली म्हणून १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये तिथे डीडीडी टाकलं, म्हणजे डीडीटीचं भावंडच. पाण्यात प्रमाण होतं दहा लाख भागांत ०.०२ भाग. इतकं कमी की सगळे निर्धास्त होते. मग तळ्यावरचे ग्रीब मरायला लागले, आपल्या टिबुकलीच्या कुळातले पक्षी. त्यांच्या चरबीत १६०० भाग निघाले. म्हणजे ऐंशी हजार पट. हजारावर जोड्या घरटी करायच्या, १९६० पर्यंत तीसेक उरल्या. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ मध्ये ही हकीकत लिहिली आणि जगाला पहिल्यांदा कळलं की पाणी तपासून मासा कळत नाही.

या शेवटच्या वाक्यावर मी थांबतो, कारण आपल्याकडे आजही पाणीच तपासलं जातं. तळ्याचा, नदीचा नमुना घेतात आणि आम्लता, क्षार, विरघळलेला प्राणवायू, जैविक आणि रासायनिक प्राणवायूची गरज मोजतात. मोजमापं योग्यच आहेत. पाणी सडतं आहे का, ते त्यांवरून कळतं. पण अब्जात एखादा भाग असलेलं क्लोरिनयुक्त कीटकनाशक त्यांच्या जाळ्यात सापडत नाही. त्यासाठी वायुवर्णलेखन आणि वस्तुमानमापक यंत्र लागतं, आणि नमुना मुळात माशाचा किंवा गाळाचा घ्यावा लागतो. एवढ्या कारणाने पाणी उत्तीर्ण आणि मासा अनुत्तीर्ण अशी स्थिती वर्षानुवर्षं कुणाला न कळता राहू शकते. मामांच्या विभागाने प्रत्येक तापकऱ्याच्या रक्ताची काच काढली होती. काच न बघता ‘या गावात हिवताप नाही’ असा अहवाल कुणी दिला असता तर तो मामांनीच फाडला असता.

मामा: बरं, एक मला सांग. ही पावडर मातीत आहे, माती शेतात आहे, कडबा शेतातला आहे, म्हैस कडबा खाते. मग दूध-तूप सुटलं कसं? माशालाच का धरलंस?

भाची: सुटलं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९३ मध्ये बारा राज्यांतले गायी-म्हशींच्या दुधाचे २२०५ नमुने तपासले. ब्याऐंशी टक्क्यांत डीडीटी होती.

मामा: बघ! त्यावर कुणी म्हणालं का, दूध बंद करा? नाही म्हणणार. कारण दूध सगळ्यांच्या घरात आहे. मासा आमच्या कोळ्या-भोयांच्या घरात आहे, म्हणून तो लगेच संशयात येतो. ज्यांच्या ताटात मासा पडत नाही त्यांना मासा सोडा असं सांगायला काय जातं?

भाची: हे तुमचं खरं आहे, मामा. मासा सोडा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. ज्यांच्या ताटात मासा पडत नाही तेच ‘तपासायची काय गरज’ असंही ठरवतात. विकून उरलेला मासा कोळ्याचं घर खातं. डोकं, काळीज, गाभोळी, सगळं खातं. आठवड्यातून चार दिवस खातं. मर्यादा ठरवताना हिशेब सरासरी माणसाचा होतो, आणि सरासरीत आपले शाकाहारी शेजारीही मोजलेले असतात. त्या सरासरीत कोळ्याची बाई दिसतच नाही.

मामा: पण बंद झालेल्या औषधांचं आता काय करायचं? जे होतं ते होतं. माती धुऊन काढणार आहेस?

भाची: बंदी घातली की फळ मिळतं, हे तरी मोजून कळलंय ना! स्वीडनने आईच्या दुधाचे नमुने १९७० च्या आसपासपासून नियमाने तपासले. बंदीनंतर डीडीटी आणि पीसीबी, म्हणजे तशीच चरबीत साठणारी कारखान्यांतली रसायनं, वर्षागणिक उतरत गेले. मंदगतीने, पण गेले. आपल्या तुरीवर घाटेअळीसाठी एंडोसल्फान मारायचे, आठवतं?

मामा: आठवतं म्हणजे? कलबुर्गी-बिदरची तूर त्याच्यावरच पिकली. आणि ओढ्यात त्याचं झाकणभर सांडलं तर मासे पांढरी पोटं वर करून तरंगायचे, तेही बघितलंय.

भाची: केरळात कासरगोडच्या काजूबागांवर ते हेलिकॉप्टरने फवारलं. तिथल्या पोरांचे हाल देशाने पाहिले, तेव्हा मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. त्याच वर्षी स्टॉकहोम कराराच्या यादीतही ते गेलं. हा करार २००१ मध्ये झाला, सुरुवातीला अशाच टिकून राहणाऱ्या बारा रसायनांसाठी. भारताने २००६ मध्ये तो मान्य केला. यादी आता पुष्कळ वाढलीय. आणि आज माझी काळजी जुन्या पावडरींपेक्षा यादीत नव्याने शिरलेल्या नावांची आहे.

मामा: ती कुठली?

भाची: पीएफएएस. फ्लोरिन आणि कार्बनची घट्ट जोडी. न चिकटणारा तवा, पाणी न शोषणारं कापड, तेल न झिरपणारा कागद, विमानतळावरचा आग विझवायचा फेस, क्रोमचा मुलामा देणारे कारखाने, सगळीकडे यांतलं काही ना काही वापरलं गेलं. हजारो प्रकार आहेत. निसर्गात ती जोडी तोडणारं जवळजवळ काहीच नाही. डीडीटी निदान चरबीत बसते; ही रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना धरून राहतात. त्यामुळे माशाची चरबी काढून टाकली तरी सुटका नाही. पीएफओएस नावाचा प्रकार माणसाच्या अंगात निम्मा व्हायलाच पाचेक वर्षं लागतात.

मामा: आणि हे हुमनाबादच्या माशात आहे?

भाची: ते मोजल्याशिवाय मी म्हणणार नाही. पण महाराष्ट्रातली एक गोष्ट सांगते. इटलीत विचेंझा शहराजवळ मितेनी नावाचा कारखाना होता, हीच रसायनं बनवणारा. २०१३ मध्ये कळलं की आसपासचं भूजल दूषित झालंय. साडेतीन लाखांच्या आसपास लोक त्या पाण्यावर होते. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात निघाली होती. ती आता कुठे आहे?

मामा: कुठे?

भाची: लोट्याला. रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात. भारतीय कंपनीने घेतली आणि तिथे उभी केली. लोट्याच्या खाली दाभोळची खाडी आहे. लोट्याच्या सांडपाण्याने मासे मरतात, अशी तक्रार तिथले भोई आणि मच्छीमार पीएफएएसचं नावही ऐकलं नव्हतं तेव्हापासून करत आलेत.

मामा: मग त्या कंपनीने प्रदूषण केलं असं म्हणायचंय का तुला? पुरावा?

भाची: नाही. मी उलट म्हणतेय. यंत्रं नवी लागली आहेत, तेव्हा खाडीतले मासे, कालवं, गाळ आत्ताच तपासून ठेवा आणि आकडे उघड लावा. दहा वर्षांनी कारखानदार म्हणेल ‘हे आधीपासूनच होतं’, लोक म्हणतील ‘तुम्हीच केलं’, आणि कोर्टात कुणाकडेच कागद नसेल. विचेंझाला पाण्याचं कळायलाच किती वर्षं गेली! आपल्याला तो अनुभव यंत्रांबरोबर फुकट मिळालाय. तो तरी वापरावा.

भाचीच्या या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि ते हुमनाबादलाही लागू करतो. आरोप करायला पुरावा लागतो, तपासणी मागायला पुरावा लागत नाही. आपल्याकडे मात्र मोजणी मागणाऱ्याकडेच आधी पुरावा मागतात, आणि पुरावा तर मोजणीशिवाय तयार होत नाही. या फेऱ्यात कोणाची किती वर्षं जातात ते जपानमधल्या मिनामाताने दाखवलं आहे. १९५६ मध्ये तिथल्या कोळीवाड्यांतला आजार अधिकृतपणे नोंदला गेला. चिस्सो कंपनीच्या पाऱ्यानेच तो झाला हे जपान सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. मधली बारा वर्षं लोक त्याच खाडीतले मासे खात होते, कारण दुसरं खायला नव्हतं.

मामा: आता माझं ऐक. तुमची यंत्रं आता इतकी बारीक झालीत की काहीही शोधून काढतात. अमेरिकेने पाण्यात किती चालेल म्हटलंय?

भाची: पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीएफएएससाठी २०२४ मध्ये मर्यादा ठरवली. लिटरला चार नॅनोग्रॅम.

मामा: नॅनोग्रॅम! म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्याला विष म्हणायचं, तर विष नसलेली वस्तू दाखव. आम्ही पंप मारताना डीडीटी नाका-तोंडात घेतली, तरी सत्तरी ओलांडली. मात्रा बघायला नको? २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न संघटनेच्या तज्ज्ञांनी बसून विचार केला. पारा, डायऑक्सिन सगळं धरून त्यांनी सांगितलं की मासा खाल्ल्याने हृदयविकाराचा धोका कमी होतो, आणि गरोदर बाईने मासा खाल्ला तर बाळाच्या मेंदूला फायदा होतो. बरोबर?

भाची: बरोबर. तोच निष्कर्ष मीही मानते.

मामा: मग? आपल्या वस्तीतल्या पोरीच्या ताटात मासा नसला तर काय असतं? भाकरी आणि ठेचा. डाळ पातळ. अंगात रक्त नाही म्हणून अंगणवाडीची ताई लाल गोळ्या देते. अशा पोरीला तू नॅनोग्रॅम सांगणार? भीती घालायला काही लागत नाही, पण मासा गेला की त्या जागी काही येत नाही. आणि बाजाराचं काय? २०२० च्या मार्चमध्ये कोंबडीने करोना होतो अशी हूल उठली. बेळगावकडे लोकांनी जिवंत पिल्लं खड्डे करून पुरली. कुणी शहाण्याने ‘कारंजाच्या माशात रसायन’ एवढंच मोबाइलवर टाकलं तर कोळ्यांची जाळी उन्हात वाळतील. त्यांचा कर्जाचा हप्ता तू भरणार आहेस?

भाची थोडा वेळ गप्प राहते. तिच्या तोंडी चटकन उत्तर घालायला मलाही धजवत नाही. मामांचं हे म्हणणं या साऱ्या वादातलं सगळ्यात जड म्हणणं आहे. आरोग्याचा सल्ला देणारे लोक ते फार सहज ओलांडून जातात.

भाची: कॅनडाच्या उत्तरेला नुनाविक भाग आहे, इन्युइट लोकांचा. १९८० च्या दशकात एरिक द्युएली नावाच्या संशोधकाने आईच्या दुधातलं पीसीबी तपासायला घेतलं. कारखाने नाहीत, शेती नाही, तर तिथलं दूध स्वच्छ असेल आणि तुलनेला उपयोगी पडेल, असं वाटलं होतं. निघालं उलटंच. दक्षिण क्युबेकच्या बायकांच्या सुमारे पाचपट. रसायन हवेने आणि समुद्राच्या प्रवाहांनी गेलं, मासा, सील, देवमाशाच्या चरबीत चढलं आणि शेवटी आईच्या दुधात आलं. त्या बायकांनी ते बनवलं नव्हतं, वापरलं नव्हतं, त्यातून एक पैसा मिळवला नव्हता.

मामा: मग तिथल्या डॉक्टरांनी काय सांगितलं? दूध पाजू नका?

भाची: नाही. पाजा, असंच सांगितलं. आपलं परंपरेचं अन्नही सोडू नका म्हणाले, कारण दुकानातलं अन्न महाग आणि निकृष्ट. कोणता भाग कमी खावा एवढं मात्र सांगितलं.

मामा: म्हणजे माझंच म्हणणं झालं.

भाची: तुमचं निम्मं म्हणणं झालं. त्यांनी ते मोजून सांगितलं. आणि मोजल्यामुळे दुसरं निम्मंही झालं. त्याच आकड्यांच्या बळावर आर्क्टिकचे लोक वाटाघाटींत उभे राहिले. आज स्टॉकहोम कराराच्या प्रस्तावनेत त्यांना असलेला धोका लिहिलेला आहे. खाणाऱ्याला सांगितलं ‘खात राहा’ आणि बनवणाऱ्याला सांगितलं ‘बंद करा’. आपल्याकडे खाणाऱ्याला कुणी काही सांगत नाही आणि बनवणाऱ्यालाही नाही. तुम्ही भीतीचं म्हणता; हूल उठते ती आकडा नसतो तिथेच उठते, मामा. कोंबडीच्या वेळी ठाम काही सांगणारा वेळेवर पोचला असता तर पिल्लं पुरावी लागली नसती.

मामा: कारखाने बंद झाले तर आपली पोरं पुण्या-हैदराबादला जातील, हाही विचार कर. औषधाचा कारखाना म्हणजे औषधही असतं.

भाची: बंद कोण म्हणतंय? पटणचेरू तुम्हाला माहीत आहे. आपल्याच हायवेवर, हैदराबादच्या अलीकडे. तिथे नव्वदेक औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक प्रकल्पात शुद्ध करत. २००७ मध्ये स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी त्या ‘शुद्ध केलेल्या’ पाण्याचा अभ्यास छापला. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होतं. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहूनही जास्त! ते पाणी ओढ्यांतून मांजरेकडे जात होतं.

मामा: सिप्रो म्हणजे तुझ्या त्या यादीतलं नव्हे ना?

भाची: नाही, आणि दोन्हींची गल्लत करू नये. सिप्रो माशाच्या चरबीत साठत जात नाही, काळाने मोडतं. पण रोज नवं येत राहिलं तर नदीला ते कायमचंच. आणि त्याचं नुकसान वेगळ्या वाटेने होतं. नदीतले जंतू त्याला सरावतात, आणि मग दवाखान्यात तेच औषध चालत नाही. मी पटणचेरूचं नाव घेतलं ते पाण्याच्या दिशेसाठी. मांजरा आपल्याकडून तिकडे वाहते. हुमनाबादच्या माळावरचं पाणी दोन्हीकडे उतरतं. एकीकडे कारंजा, मांजरा, गोदावरी. दुसरीकडे मुल्लामारी, कागिणा, भीमा, कृष्णा. आपण दोन नद्यांच्या उशाला बसलोय. आपल्याकडे जे सोडलं जातं ते खाली मांजरेवरच्या सिंगूर धरणातल्या कोळ्याच्या जाळ्यात जाऊ शकतं आणि भीमेकाठच्याही. आपल्याला वरून कुणी दिलं की नाही हा प्रश्न आहेच, पण आपण खाली काय देतो हाही आहे.

मामा: हे मात्र मी असं कधी धरलं नव्हतं.

भाची: आणि माशाचं प्रमाणही ऐका. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नद्या-तळ्यांच्या माशांचा अभ्यास आला. तिथला गोड्या पाण्यातला एक मासा खाणं म्हणजे लिटरला ४८ नॅनोग्रॅम पीएफओएस असलेलं पाणी महिनाभर पिण्यासारखं. आता चार नॅनोग्रॅमची मर्यादा आठवा. पाण्याचा आकडा बारीक वाटतो, कारण माशाने केलेली बेरीज आपण धरत नाही.

मामा: तो अमेरिकेचा मासा.

भाची: म्हणूनच आपला तपासायचा.

मामा: आणि तोवर? तुझी मामी काय शिजवणार?

भाची: मासाच. पण निवडून. धरणात बीज सोडून वाढवलेला किलोभराचा राहू-कटला तरुण असतो, शेवाळ आणि बारीक जीव खातो, साखळीत खाली असतो. मृगळ तळाशी चरते, तिचा गाळाशी संबंध जास्त. मरळ दुसरे मासे खाते. जितकी मोठी आणि म्हातारी, तितकं तिच्यात साठलेलं जास्त असू शकतं. म्हणून मोठी मरळ रोजची नको, आणि एकाच तळ्याचा मासा सारखा नको. जुन्या कीटकनाशकांसाठी कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाकली, रस्सा करण्यापेक्षा चरबी गळून जाईल असं भाजलं, तर बराच भाग कमी होतो. पाऱ्याला आणि पीएफएएसला हा उपाय चालत नाही, ती मांसातच असतात. कारखान्याच्या नाल्याच्या खालच्या तळ्यातली काळीज-आतडी तर कुणीच खाऊ नयेत. गरोदर बाईने आणि लहान पोरांनी लहान मासे खावेत. सोडू नयेत.

मामा: हे सांगायला हरकत नाही. यात भीती नाही.

भाची: पण हे सगळं ओझं मामीच्या विळीवर टाकलं तर ते मला पटत नाही, मामा. तिने कातडी काढायची, तिने मोठा मासा टाळायचा, तिने तळं विचारायचं. ज्याने नाल्यात सोडलं त्याला कुणी काही विचारायचं नाही का?

मी हा संवाद लिहायला घेतला तो या वाक्यासाठी. ‘मासा खावा का’ हा प्रश्न ताटापाशी सुटणारा नाही, कारण ताटापाशी बसलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं. तो सुटू शकतो नाल्याच्या तोंडाशी. कारखान्यात काय येतं, काय वापरलं जातं, बाहेर काय पडतं, याची यादी आणि मोजमाप गावासमोर असेल तरच. माशाची तपासणी ही त्या मोजमापाची खातरजमा आहे. इथे मासा हा आरोपी नाही, साक्षीदार आहे. वर्षभर तो त्या पाण्यात राहिलेला असतो. एका सकाळी बाटलीत भरलेल्या नमुन्यापेक्षा त्याची साक्ष जास्त दिवसांची असते.

मामा: एका माशाला तपासायला किती खर्च येतो?

भाची: बराच. एका घराने करायची गोष्ट नाही. कारखान्यांच्या परवान्याच्या अटींत ती घालता येईल, प्रदूषण मंडळाने करून घेता येईल. मत्स्यखातं बीज सोडतंच, तर वर्षातून एकदा नमुनाही घेऊ शकेल.

मामा: मग नमुना कसा घ्यायचा ते मला विचार. तुझे शहरातले लोक येतील, बाजारातून राहू उचलतील आणि तो निघायचा आंध्राचा. आम्ही रक्ताची काच घेताना घर नंबर लिहायचो. तळं लिहा, जाळं कुणी टाकलं ते लिहा, महिना लिहा.

भाची: पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

मामा: वसाहतीच्या खालच्या तळ्यातली मरळ, दोन किलोच्या वरची. कारंजातली मृगळ. आणि वसाहतीचं पाणी जिथे पोचत नाही अशा लांबच्या तळ्यातलीही मरळ, नाहीतर तुलना कशाशी करशील? काळीज वेगळ्या पिशवीत. गाळही घ्या. बाजारातला बोंबीलही घ्या, तो कोकणातून येतो, आपल्या नाल्याचा त्याच्याशी संबंध नाही.

भाची: मच्छीमार सोसायटीचे लोक मासा देतील? नाव खराब होईल म्हणून घाबरतील.

मामा: घाबरतीलच. त्यांना आधी लिहून द्यावं लागेल की निकाल काहीही आला तरी मासेमारी एकदम बंद होणार नाही, आणि झालीच तर भरपाई त्यांना मिळेल, ती नाल्याच्या मालकाकडून. तेवढं लिहून आणलंस तर मी स्वतः तुझ्याबरोबर तळ्यावर येतो. आणि निकाल इंग्रजीत फाइलला लावून चालणार नाही. कन्नडमध्ये, मराठीत, उर्दूत लिहून मासळीबाजारात लावायचा, आकड्यासकट. हिवतापाचे आकडे आम्ही चावडीवर लावायचो.

भाची: भरपाईचं मी धरलंच नव्हतं. ते कुणाकडे मागायचं?

मामा: ते उद्या सोसायटीच्या चेअरमनला विचारू. आज मरळ तू खाऊ नको, मी खातो. पण कुठल्या तळ्यातली ते मासेवालीला मीच विचारून येतो, थांब.